शून्य मेथी ते आठवड्याला तीन वाट्या

हृदयाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा मिसळ खायला बाहेर पडलो, तेव्हा तर्रीवरची कोथिंबीर मी चमच्याच्या टोकाने एकेक पान करून काढली होती. काढून टिश्यूवर ठेवली, बायकोने एखादं पान राहिलं तर नाही ना ते वाकून बघितलं, शेजारच्या टेबलावरचा माणूस आमच्याकडंच बघत होता. कोथिंबीर म्हणजे आपल्याला विष, अशी आमची तेव्हा पक्की समजूत. आणि मी कोण, तर नाशिकजवळच्या गिरणारेच्या अलीकडच्या गावचा, ज्याच्या घरच्या कोथिंबिरीच्या जुड्या मला कळतंय तेव्हापासून संध्याकाळी टेम्पोत भरून पंचवटीच्या मार्केटला जातायत, शंभर जुड्यांना काय भाव निघाला यावर आमच्या घरची दिवाळी ठरायची.

तर सुरुवातीपासून सांगतो. लहानपणी माझा घसा सारखा धरायचा, ताप यायचा आणि मग सांधे सुजायचे, गुडघा बरा झाला की कोपर. घरी वाटायचं वाढीचं वय आहे. त्याच तापाने हृदयाची झडप खराब करून ठेवली होती ते चाळिशीनंतर कळलं, कंपनीचा जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा. मायट्रल झडप बदलावी लागली, मेकॅनिकल बसवली. ती रात्री शांततेत ऐकू येते, टिक टिक, बायको पहिला आठवडा झोपली नाही आणि आता आवाज आला नाही तर उठून बसते. झडप टिकाऊ आहे पण शरीराच्या दृष्टीने ती बाहेरची वस्तू, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. माझी गोळी असेनोकुमारॉल, रोज संध्याकाळी सातला. संध्याकाळीच का, तर सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट येतो आणि त्याच दिवसाचा डोस बदलता येतो.

रिपोर्ट म्हणजे आयएनआर. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतोय त्याचा आकडा. गोळी न घेणाऱ्या माणसाचा १ च्या आसपास, माझा २.५ ते ३.५ मध्ये पाहिजे. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात, त्यामुळे माझ्या डोक्यात ते लगेच ड्रॉइंगवर लिहितात तसं बसलं, ३ प्लस मायनस अर्धा. खाली गेलं की झडपेवर गुठळी, ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. वर गेलं की रक्त थांबत नाही. दोन्हीकडून रिजेक्शन.

डिस्चार्जच्या वेळी हातात एक इंग्रजी कागद मिळाला, त्यावर एक ओळ पेनाने गोल केलेली, हिरव्या पालेभाज्या टाळा, व्हिटॅमिन के. एवढंच. विचारायला पाहिजे होतं, पण बिलाच्या काउंटरला लाइन, खाली रिक्षा थांबलेली, कोण विचारतंय. घरी आल्यावर मेहुणीने व्हॉट्सॅपवर मराठीत करून पाठवलं, "क जीवनसत्त्व बंद". आता आपल्या शाळेच्या पुस्तकात क म्हणजे सी, लिंबू आवळा पेरू. त्यामुळे पहिले पंधरा दिवस आमच्या घरात पालेभाजी बंद, प्लस लिंबू बंद, प्लस आवळ्याचं लोणचं माळ्यावर. वरणावर लिंबू नाही म्हणून मी चिडचिड करायचो आणि बायको कागद दाखवायची. शेवटी मुलीने, ती नववीला आहे, सांगितलं की पप्पा ते सी आहे, हे के वेगळं. लिंबू परत आलं. पालेभाजी मात्र दाराबाहेरच.

आणि नेमका तो हिवाळा. नाशिकला थंडीत पालेभाजीचं काय सांगू, पवननगरच्या भाजीबाजारात मेथीचे ढीग, पालक, शेपू, करडई, चाकवत, कांदापात, हरभऱ्याचा कोवळा पाला, सगळं स्वस्त आणि सगळं ताजं, आणि मी आपला दोडका, बटाटा आणि फ्लॉवर. सलग नऊ आठवडे पालेभाजीचं एक पान पोटात गेलं नाही, मला वाटलं आता आयएनआर एकदम सरळ रेषेत येणार. रीडिंग काय आले, तर २.२, ३.९, २.४, ४.३. गोळी कधी पाव वाढव, कधी अर्धी कमी कर, परत टेस्ट. एवढं हलणारं मशीन आमच्या शॉपवर असतं तर लाइन बंद करून मेंटेनन्सला बोलावलं असतं.

मग आली संक्रांत. भोगीला गावी गेलो, आईने आधीच फोनवर सुनावलं होतं की दोन महिने माझ्या लेकराला उपाशी ठेवलंय. भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ते ठीक. पण दुसऱ्या दिवशी दाणे घालून मेथी, आणि हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा, म्हणजे कच्चा पाला खुडून धुवून त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट मीठ आणि वरून कच्चं तेल, हे आमच्याकडं भाकरीसोबत ताटभर खातात, वाटीभर कोणी खात नाही. बायको डोळे वटारत होती, आई म्हणाली, "अगं पाल्याने काय होतंय, शेतातलाच तर आहे." तीन दिवस खाल्लं. सोमवारी टेस्ट केली, १.६.

१.६ म्हणजे काय ते डॉक्टरांच्या आवाजावरून कळलं. आठवडाभर रोज दोन वेळा पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन, बेंबीच्या बाजूला, जागा बदलून बदलून, पोटावर निळे हिरवे डाग. आईला हे कळलं तेव्हा तिने मेथीचं नावच टाकलं, भावाने सांगितलं की ती शेतात बांधावर बसून रडली. आणि आमच्या घरात बंदी आणखी कडक झाली, ती पोह्यावरच्या कोथिंबिरीपर्यंत गेली. वर जो मिसळीचा प्रसंग सांगितला तो ह्यानंतरचा.

इतकं करून मार्चमध्ये उलटंच झालं. दाढ दुखत होती, घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात गेलो, त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, दोन अँटिबायोटिक, त्यातली एक मेट्रोनिडॅझोल. चूक माझी, झडप आणि गोळीचं मी त्यांना सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर आधी कार्डिओलॉजिस्टला फोन झाला असता, आणि झडपवाल्याला दातांच्या कामाआधी वेगळी काळजी घ्यावी लागते ती पण घेतली गेली असती. चौथ्या दिवशी सेकंड शिफ्टला नाकाचा घोळणा फुटला. नेहमी दोन मिनिटात थांबतो, हा थांबेचना, रुमाल भिजला, मग कॉटन वेस्टचा गोळा, सुपरवायझरने गाडी काढली. आयएनआर ६.२. नाक दाबून बसवलं, गोळी दोन दिवस बंद, परत टेस्ट. मेट्रोनिडॅझोल माझ्या रोजच्या गोळीचा असर एकदम वाढवतं, आणि अँटिबायोटिकने आतड्यातले जंतू पण मरतात, त्यातले काही आपल्यासाठी थोडंसं के तयार करत असतात. माझ्याकडं तर पाल्यातून येणारं के आधीच शून्य होतं.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. कंपनीतल्या एकाने त्याच्या काकांच्या ओळखीच्या जुन्या फिजिशियनकडं पाठवलं, वय झालेले, फी कमी, वेळ भरपूर. त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे मांडले आणि पहिला प्रश्न विचारला, "आठवड्यात पालेभाजी किती वेळा?"

मी जरा अभिमानानेच म्हटलं, "एकदाही नाही साहेब."

"का?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं. कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, हसले नाहीत, म्हणाले, "काय करता तुम्ही? नोकरी?" क्वालिटी म्हटल्यावर म्हणाले, "मग सोपं आहे. तुमचं गोडाऊन रिकामं आहे. रिकाम्या गोडाऊनमध्ये एक पोतं आलं तरी स्टॉक दुप्पट होतो. भरलेल्यात एक पोतं इकडं तिकडं, कोणाला कळत पण नाही."

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून समजावलं. लिव्हर रक्त गोठवणारे घटक बनवतं, त्यातले चार, नंबर दोन, सात, नऊ आणि दहा, हे के शिवाय पक्के होत नाहीत. काम झालं की के वापरलं जातं आणि शरीर त्याला परत चार्ज करून घेतं, मोबाइलच्या बॅटरीसारखं. आपली गोळी त्या चार्जरवर बसते. म्हणजे गोळी रक्तात पाणी घालत नाही, पातळ वगैरे काही होत नाही, फक्त हे घटक अर्धे कच्चे राहतात. तुम्ही ताटभर पाला खाल्ला की बाहेरून नव्या चार्ज केलेल्या बॅटऱ्या आल्या, गोळी हरली, आकडा खाली. पाला एकदम बंद केला की गोळी जिंकली, आकडा वर. आणि जुने तयार घटक रक्तात काही दिवस टिकतात, सात नंबर काही तासात संपतो, दोन नंबरला दोन अडीच दिवस लागतात अर्धा व्हायला, त्यामुळे आजचा रिपोर्ट हा मागच्या काही दिवसांच्या ताटाचा आणि गोळीचा असतो, आज सकाळच्या पोह्याचा नाही. हे लॅग प्रकरण मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं, मी टेस्टच्या आदल्या दिवशी नुसती खिचडी खायचो, वाटायचं रिपोर्ट चांगला येईल.

"पाला खा," ते म्हणाले, "फक्त दर आठवड्याला तेवढाच खा. तुमचं ताट फिक्स करा, ताटाप्रमाणे गोळी आम्ही फिक्स करतो. गोळीप्रमाणे ताट करत बसू नका." हे एक वाक्य मला डिस्चार्जच्या दिवशी मिळालं असतं तर पोटावरची चौदा इंजेक्शनं वाचली असती. असो.

घरी येऊन वही केली. स्वयंपाकाचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, एक ग्रॅम लीस्ट काउंटचा. मुलीने नेटवर आकडे शोधून दिले, मुख्यतः अमेरिकेच्या सरकारी तक्त्यातले, आणि आपल्याकडं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ ला भारतीय पदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात पण के१ मोजलंय. पाल्यातलं असतं ते के१. के२ म्हणून दुसरं असतं, ते जंतू बनवतात, जपान्यांच्या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये, नात्तो म्हणतात त्याला, ते खच्चून असतं, पण ते आमच्या नाशिकच्या सिडकोत कोण खातंय. सगळं मायक्रोग्रॅममध्ये, ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मोठ्या पुरुषाला दिवसाला १२० आणि बाईला ९० पुरे असं अमेरिकेवाले धरतात.

आणि मग जी गंमत सुरू झाली. पहिल्यांदा कोथिंबीर. १०० ग्रॅमला ३१० च्या आसपास, आकडा बघून बायको म्हणाली बघा मी सांगत होते. मी म्हटलं थांब, पोह्यावर किती टाकतेस ती काट्यावर टाक. तिने चिमटीने टाकली, काटा म्हणाला ४ ग्रॅम. परत टाकली, ५. म्हणजे १२ ते १५ मायक्रोग्रॅम. त्या मिसळीवरून मी टिश्यूवर काढली ती एवढीच असणार. फ्लॉवर आम्ही बिनधास्त खात होतो, त्याची वाटीभर भाजी पण साधारण तेवढीच देते. तेच कोथिंबीर वडीला अख्खी जुडी जाते, चार वड्यात सहज ४०-५० ग्रॅम पाला, दीडशे मायक्रोग्रॅमचा हिशोब. म्हणजे कोथिंबीर हा प्रश्न नाहीच, वर पेरलेली का वडीतली हा प्रश्न.

पालक १०० ग्रॅमला ४८० च्या पुढं. माठ राजगिऱ्याच्या जातीचा पाला तर हजाराच्या वर जातो. कोबी ७५ च्या आसपास, त्यात पण बाहेरची हिरवी पानं जास्त, आतली पांढरी कमी. भेंडी ३० च्या घरात. काकडी सालासकट १६, के त्या हिरव्या सालातच जास्त. आणि आपल्या नाशिकच्या मालाचं सांगतो, द्राक्ष १५ च्या आत, टोमॅटो ८, कांदा एक सुद्धा नाही. कांद्याची पात मात्र पाल्यात धरायची, खाली कांदा आणि वर पात, एकाच झाडाचे दोन हिशोब. जेवढं गर्द हिरवं तेवढं के जास्त, हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो, कारण पानात ज्या ठिकाणी प्रकाशावर अन्न बनतं तिथलंच हे द्रव्य आहे.

शिजवल्याने के जात नाही, हे पण नवीन होतं. मला वाटायचं कच्चा घोळाणा घातक आणि शिजवलेली मेथी सौम्य. उलट आहे. मेथीची मोठी जुडी, मुळं माती दांडे काढून निवडलेला पाला भरला १८० ग्रॅम, पातेलंभर दिसत होता, कढईत परतल्यावर दोन वाट्या. म्हणजे वाटीला वाटी लावली तर शिजलेली भाजी कच्च्यापेक्षा कितीतरी जड. आणि के तेलात विरघळणारं, तेल असलं की अंगी लागतं. मग भोगीला मी काय केलं होतं ते लक्षात आलं, ताटभर पाला, वरून घाण्याचं तेल.

तेलाचा तर वेगळाच किस्सा. सगळं मोजलं तरी हिशोबात एक गोष्ट सुटत होती. मुलगी तक्त्यात खाली खाली गेली तर सोयाबीन तेल, १०० ग्रॅमला १८० च्या वर. सूर्यफूल ५, शेंगदाणा एक सुद्धा नाही. आमच्याकडं कधी सोयाबीनची पिशवी यायची, कधी सूर्यफूल, किराणावाल्याकडं जी स्कीम असेल ती, आणि गावाकडून अधूनमधून शेंगदाण्याचा डबा. आता माणशी दिवसाला २५-३० ग्रॅम तेल पोटात जातंच, म्हणजे सोयाबीनच्या महिन्यात रोज पन्नास मायक्रोग्रॅम नुसते तेलातून, आणि शेंगदाण्याच्या महिन्यात शून्य. कोथिंबिरीची चार पानं टिश्यूवर काढणारा माणूस फोडणीत तिप्पट चौपट के खात होता. आता एकच तेल, बदलायचं नाही, स्कीम असो नसो.

कॅन्टीनला हे सांगितलं तर एक जण म्हणाला तू खातो ते उंदराचं औषध आहे माहितीये का. चिडवायला म्हणाला, पण खरं निघालं. माझ्या गोळीची थोरली बहीण वॉरफरीन, ती १९४८ ला उंदीर मारायला म्हणूनच बाजारात आली, माणसांसाठी नंतर, १९५४ ला. आणि त्याच्या आधीची गोष्ट आम्हा शेतकऱ्यांच्या घरातली वाटावी अशी आहे, अमेरिका कॅनडाकडं गायी खराब झालेला, बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन रक्त वाहून मरायच्या, १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली गाय, चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन थंडीवाऱ्यात विद्यापीठात पोचला, तिथल्या कार्ल लिंक यांच्या लॅबने चाऱ्यातलं ते द्रव्य शोधून काढलं, त्यावरूनच पुढं वॉरफरीन. के चा शोध पण त्याच काळातला, डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढलेलं खाद्य दिलं तर पिल्लांना रक्तस्राव व्हायला लागला, गोठणे ह्या त्यांच्याकडच्या शब्दातलं पहिलं अक्षर के, म्हणून व्हिटॅमिन के. १९४३ चं नोबेल त्यांना आणि डॉयझी यांना. एकीकडं कोंबडी, दुसरीकडं गाय, आणि मध्ये मी, सातची गोळी घेणारा.

तर ताट फिक्स केलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येकी एक वाटी शिजलेली पालेभाजी, वाटी ठरलेली, स्टीलची, तिच्या बुडाला मी कंपनीतून आणलेल्या पेंट मार्करने टिपका दिलाय. पोह्यावर कोथिंबीर चालू. पहिला महिना दर आठवड्याला टेस्ट, पाला सुरू झाल्यामुळे आकडा खाली यायला लागला तसा डॉक्टरांनी डोस थोडा थोडा वाढवला, मधल्या काळात लक्ष ठेवून. हे कोणी वाचून आपल्या मनाने सुरू करू नका, माझा पण डोस मी नाही बदलला, एकदाही. मी भिंतीवर ग्राफ पेपर लावला, वर ३.५ ची लाल रेघ, खाली २.५ ची. जुलैपर्यंत टिपके आले २.७, २.९, ३.१, २.८, ३.०. एवढा सुंदर चार्ट मी कंपनीत पण कधी काढला नव्हता, ऑडिटरला दाखवावासा वाटला.

पण पावसाळ्याने तोंडावर आपटवलं. ऑगस्टमध्ये झड लागली, शेतात पाला सडला, पवननगरला मेथीची जुडी साठ रुपये आणि ती पण निम्मी पिवळी. बायको म्हणाली राहू द्या ह्या आठवड्यात, मटकी करते. पुढच्या आठवड्यात पण मटकी. कोणी मुद्दाम काही केलं नाही, नुसता भाव वाढला, आणि टिपका गेला ३.८ वर. घरात आम्ही तिघं ग्राफसमोर उभं राहून विचार करतोय गोळी चुकली का, तर मुलगी म्हणाली भाजी चुकली. तेव्हापासून ठरवलं, मेथी महाग झाली तर कोबी घ्यायचा पण जास्त घ्यायचा, नाहीतर पेठ सुरगाण्याकडच्या बाया पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसतात त्यातलं काही. त्यांच्याकडं बसून विचारलं, "मावशी, हा कुर्डू एका वाट्यात किती ग्रॅम बसेल?" ती म्हणाली, "दादा, भाजी घ्यायला आला का सोनं?"

नवरात्राचा वाद वेगळा. नऊ दिवस उपास आमच्या घरी पूर्वीपासून, आणि साबुदाणा भगर शेंगदाणे यात के जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं नऊ दिवस करू नका, एक दिवस उठता बसता करा. आईला पटेना. मग तिनेच तोड काढली, म्हणाली राजगिऱ्याचे लाडू उपासाला चालतात ना, मग राजगिऱ्याचा पाला का नाही चालत, देवीने दाणा खाल्ला तर पान पण खाईल. शेजारच्या आजी म्हणाल्या असं काही नसतं. आई म्हणाली तुमच्यात नसेल. मी अर्थातच आईच्या बाजूने, पण राजगिऱ्याचा आकडा माहीत असल्यामुळे वाटी भरून नाही घेतली, अर्धी घेतली. त्या नवरात्राचा टिपका २.८.

लॅबचं पण सांगायला पाहिजे, कारण हे आमच्या लाइनमधलं आहे. निळ्या झाकणाची छोटी ट्यूब असते, तिच्यात आधीच थोडं औषध असतं, रक्त नऊ भाग आणि औषध एक भाग असंच पाहिजे, म्हणून ट्यूबवरच्या रेघेपर्यंत रक्त भरायलाच लागतं. एकदा कलेक्शनवाल्या पोराने घाईत कमी घेतलं, मी म्हटलं भाऊ रेघ. तो म्हणाला चालतं काका. मी म्हटलं नाही चालत, परत टोच. आणि लॅब शक्यतो बदलत नाही. आयएनआर काढलाच मुळात वेगवेगळ्या लॅबचे आकडे एका मापात यावेत म्हणून, तरी थोडाफार फरक पडतो, इन्स्ट्रुमेंट बदललं की रीडिंग बदलतं हे मला कोणी शिकवायला नको.

लोक मदत करायला फार पुढं असतात. जॉगिंग ट्रॅकवर सकाळी रसवाला बसतो, गव्हांकुराचा रस घ्या रक्त शुद्ध होतं. मेव्हण्याने शेवग्याच्या पाल्याच्या पावडरचा डबा आणला, रोज दोन चमचे. मी त्याला काट्यावर दाखवलं की दोन चमचे सुकी पावडर म्हणजे किती ओला पाला, त्याने डबा परत नेला, जरा रागावला. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या पण, काहींत के असतं काहींत नसतं, मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेत नाही.

गेल्या महिन्यात बहिणीला मुलगी झाली. आम्ही बाहेर बसलेलो, नर्सने बाळ दाखवायला आणलं आणि सहज म्हणाली, के चं इंजेक्शन दिलंय मांडीत, म्हणून रडतेय. मी एकदम, "किती?" ती गडबडली, म्हणाली एक मिलिग्रॅम, सगळ्यांनाच देतो, बाळांच्या अंगात के कमी असतं, आईच्या दुधात पण फार नसतं, रक्तस्राव होऊ नये म्हणून. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, मी मनात वाट्या मोजायला लागलो. अडीच किलोचं बाळ, आणि माझ्या आठवड्याभराच्या टिपक्याच्या वाटीएवढं एका टोच्यात. बहीण म्हणाली दादा, बाळाचा चेहरा तर बघ आधी.

आज बुधवार, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून येताना दोन जुड्या मेथी आणली, दहाला एक, थंडी परत सुरू झालीय. उद्या गुरुवारची वाटी. आईचा फोन येऊन गेला, भोगीला येणार ना, ह्या वेळेला मी वाटीनेच वाढीन, तुझी ती टिपक्याची वाटी घेऊन ये. आत्ता बायको समोर पेपर पसरून मेथी निवडतेय, काटा शेजारी ठेवलाय, आणि विचारतेय की पानं मोजायची का कोवळे दांडे पण धरायचे, मागच्या वेळेला कसं धरलं होतं. मी वही शोधतोय.